कट लागला की लेथ बसतो: घरच्या सिंगल फेजवर थ्री फेज मशीन आणि वारंवार ट्रिप होणारा ड्राइव्ह

मोकळा लेथ छान फिरतो. हेडस्टॉकचा आवाज नेहमीचा, ड्राइव्हच्या पडद्यावर ५०.० हर्ट्झ. टूल जॉबला टेकवून दोन मिलिमीटरचा कट लावला की आवाज खाली उतरतो, मोटर गुरगुरते, चक थांबतो आणि पडद्यावर ओव्हरकरंटचा कोड लुकलुकू लागतो. रीसेट करा, परत लावा, परत तेच. ड्राइव्ह बदलून बघा, तरी तेच.

कोल्हापुरात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझे छोटे वर्कशॉप आहे. उद्यमनगरातून जुना घेतलेला साडेचार फुटी लेथ, त्याला २ एचपीची थ्री फेज मोटर. घराचे मीटर सिंगल फेज. म्हणून मध्ये व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजवरून तीन फेज बनवून मोटरचा वेग कमीजास्त करणारी पेटी, जिला आपण सगळे नुसते ‘ड्राइव्ह’ म्हणतो. वर लिहिलेला त्रास मी कित्येक महिने काढला. तो गेल्यावर दुसरा आला, तो गेल्यावर पावसाळ्यात तिसरा. प्रत्येक वेळी पडद्यावर काहीतरी कोड आणि प्रत्येक वेळी संशय ड्राइव्हवरच. तिन्ही वेळा ड्राइव्ह धडधाकट होता.

यातून लागलेली एक सवय आधी सांगतो. कोड वाचण्याच्याही आधी ट्रिप नेमका कोणत्या क्षणी झाला ते वहीत लिहायचे. कट लागताना झाला, मशीन थांबवताना झाला, नुसते बटण दाबताना झाला, की संध्याकाळी घरात गीझर लावल्यावर झाला? कोड फार तर कुठे दुखतंय एवढे सांगतो. का दुखतंय ते त्या क्षणावरून कळते.

कामाला हात घालण्याआधी एक गोष्ट. ड्राइव्हचा एमसीबी पाडला तरी आतले कपॅसिटर चार्ज असतात. २३० व्होल्ट एसीचे आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी झालेले असते, आणि तो झटका जिवावर बेतू शकतो. वीज बंद करून किमान दहा मिनिटे थांबा, आतला लाल दिवा विझू द्या, मग डीसीच्या टर्मिनलवर मीटर लावून खात्री करा आणि त्यानंतरच स्क्रू ड्रायव्हर उचला.

कट लागताना बसतो: टर्मिनल बॉक्स उघडा

माझ्या मोटरच्या पाटीवर लिहिले होते: १.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ३.४ अँपिअर, १४१० आरपीएम आणि शेवटी ‘स्टार’, म्हणजे तिन्ही वाइंडिंगची एकेक टोके एकत्र जोडलेली. तो शेवटचा शब्द मी कितीतरी वेळा वाचून सोडून दिला होता.

घरगुती ड्राइव्ह २३० व्होल्ट सिंगल फेज घेतो, त्याचे डीसी करतो आणि त्या डीसीचे तुकडे करून तीन फेज बनवतो. फेज तीन मिळतात, पण दोन फेजमधले व्होल्टेज २३०च राहते. ड्राइव्ह म्हणजे ट्रान्सफॉर्मर नव्हे, आत आल्यापेक्षा जास्त व्होल्टेज तो बाहेर देत नाही. माझ्या मोटरला स्टारमध्ये हवे ४१५, मिळत होते २३०. म्हणजे जेमतेम ५५ टक्के.

व्होल्टेज ५५ टक्के झाले म्हणून ताकदही ५५ टक्के राहील असे वाटते. तसे होत नाही. इंडक्शन मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चालतो. ०.५५ गुणिले ०.५५ म्हणजे साधारण ०.३१. अशी मोटर बसण्याआधी जास्तीत जास्त टॉर्क देते तो पूर्ण व्होल्टेजला रेटेडच्या (पाटीवरच्या क्षमतेच्या) अडीच पट धरला, तर आता तो राहिला पाऊण पट. म्हणजे मोटर जिवाच्या आकांताने ओढत असली तरी पाटीवरच्या टॉर्कपर्यंतही पोचत नाही. मोकळे फिरायला एवढे पुरते, म्हणूनच मोकळा लेथ छान चालतो आणि आपण फसतो.

इथे मी पैसे घालवले ते सांगायलाच हवे, कारण अजूनही लोक तसेच करताना दिसतात. २ एचपीचा ड्राइव्ह ओव्हरकरंट दाखवतो म्हणजे लहान पडतोय, असा सल्ला मिळाला. मी ३ एचपीचा आणला. ट्रिप बंद झाला, पण लेथ पूर्वीसारखाच बसायचा. फरक इतकाच की आता थांबलेली मोटर गुरगुरत तापत राहायची आणि वार्निशचा वास यायचा. हिशोब नंतर मांडला. थांबलेली मोटर पूर्ण व्होल्टेजला रेटेडच्या सुमारे सहा पट करंट ओढते, ५५ टक्के व्होल्टेजला सव्वातीन पटीच्या आसपास, म्हणजे माझ्या मोटरला ११ अँपिअर. २ एचपीच्या ड्राइव्हची क्षमता ७ अँपिअरची आणि दीड पटीची सूट धरून साडेदहाची. तो ट्रिप होणारच. ३ एचपीचा १० अँपिअरचा, त्याला ११ अँपिअर काहीच नाहीत. मोटरचे संरक्षण करणारा ट्रिपच मी विकत घेऊन काढून टाकला होता. मोटरचा करंट ड्राइव्हमध्ये बरोबर भरला असता तर निदान उशिरा का होईना, ओव्हरलोडवर थांबला असता. तेही केले नव्हते.

आता टर्मिनल बॉक्स. चार स्क्रू काढले की आत सहा बोल्ट दिसतात, दोन ओळींत तीन तीन. वरच्या ओळीत डब्ल्यू२, यू२, व्ही२ आणि खाली यू१, व्ही१, डब्ल्यू१. जुन्या मोटरींवर ए, बी, सी अशी अक्षरे असतात. वरच्या तिन्ही बोल्टांवर आडवी पितळी पट्टी असेल तर स्टार. त्याऐवजी तीन उभ्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी वरच्या बोल्टवरून थेट त्याच्या खालच्या बोल्टवर, म्हणजे डेल्टा. आडवी जोडणी काढून तीन उभ्या पट्ट्या लावायच्या, इतकेच काम. प्रत्येक वाइंडिंगवर आता थेट २३० व्होल्ट येतात. स्टारमध्ये ४१५ लावले असताना त्याच वाइंडिंगवर ४१५ भागिले १.७३२, म्हणजे २४० येत होते. वाइंडिंगच्या दृष्टीने काहीच बदलले नाही. ते आता त्याच्या हक्काच्या व्होल्टेजवर चालते आहे.

पट्ट्या बदलताना बोल्टाखालचा वॉशर पाहा. माझ्या बॉक्समध्ये एका बोल्टला नट दोनदा घट्ट केला तरी पट्टी हलत होती. खाली पाहिले तर लगच्या (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) आणि पट्टीच्या मध्ये जुन्या इन्सुलेशनचा तपकिरी तुकडा चिकटलेला. खरवडून काढला, पितळ चमकेपर्यंत घासले, मग आवळले.

डेल्टा केल्यावर करंट वाढतो: ३.४ गुणिले १.७३२, म्हणजे सुमारे ५.९ अँपिअर. हा आकडा ड्राइव्हमध्ये मोटरच्या रेटेड करंटच्या जागी भरायचा. रेटेड व्होल्टेज २३०, बेस फ्रिक्वेन्सी (जिथे मोटरला पूर्ण व्होल्टेज मिळते ती) ५०. पाटीवरून ४१५ आणि ३.४ जसेच्या तसे भरले तर ड्राइव्हचा ओव्हरलोड चुकीच्या आकड्यावर बसतो आणि अर्ध्या कटालाच ‘मोटर ओव्हरलोड’ म्हणून थांबतो. मग माणसाला वाटते डेल्टा करूनही फायदा झाला नाही.

सगळ्या मोटरींना हे लागू नाही. आपल्याकडे २ एचपीपर्यंतच्या मोटरी बहुधा ४१५ला स्टार असतात. त्यावरच्या अनेक मोटरी ४१५लाच डेल्टा असतात, आणि मग आणखी खाली यायला वाव नसतो. पाटीवर ४१५ आणि डेल्टा असेल तर २३० व्होल्टचा साधा ड्राइव्ह तुमच्या कामाचा नाही. २३० घेऊन आतच व्होल्टेज वाढवून ३८०च्या पुढे देणारे ड्राइव्ह मिळतात, ते घ्यायचे किंवा मोटर बदलायची.

दुसरी अडचण जास्त भेटते. बॉक्स उघडला तर आत तीनच वायरी. स्टारचा सांधा वाइंडिंगच्या आतच बांधलेला असतो. चांगल्या वाइंडिंगवाल्याकडे मोटर न्या आणि ‘सहा लीड बाहेर काढून द्या’ एवढेच सांगा, त्याला कळते. मी शेजारी बसून पाहिले. त्याने कव्हर आणि रोटर काढला, वाइंडिंगच्या कडेला बांधलेला दोरा ब्लेडने हळूच कापला, आणि एका जाड स्लीव्हखाली तीन तारा एकत्र पिळून झाळलेल्या निघाल्या. तोच स्टार पॉइंट. तिन्ही सोडवल्या, टोकाचे इनॅमल खरवडले, प्रत्येकीला लवचीक लीड झाळली, नवी स्लीव्ह चढवली, परत दोरा बांधून वार्निश सोडले. रीवाइंडिंगच्या तुलनेत खर्च किरकोळ.

तेही करायचे नसेल तर एक मधला मार्ग आहे. मोटर स्टारमध्येच ठेवून बेस फ्रिक्वेन्सी ५० ऐवजी २८ हर्ट्झ करायची. ४१५ला ५० ने भागले तर ८.३ येतात, तेवढे व्होल्ट दर हर्ट्झला मोटरला हवे असतात. २३०ला ८.३ने भागले की सुमारे २८. म्हणजे २८ हर्ट्झपर्यंत मोटरला पूर्ण टॉर्क मिळतो, पण वेग आठशे आरपीएमच्या आत राहतो आणि २ एचपीतून एक-सव्वा एचपीच हाती येते. या सेटिंगला करंट पाटीवरचा ३.४च भरायचा. मोठ्या पुलीवर बेल्ट टाकून हळू चालणाऱ्या कामाला चालते. निदान करायलाही ही युक्ती छान आहे: बेस २८ केल्याबरोबर बसणारा लेथ कमी वेगात जोमाने कट घ्यायला लागला, तर मोटर स्टारमध्ये आहे हे बॉक्स न उघडताच कळले.

संध्याकाळी अंडरव्होल्टेज

डेल्टा झाल्यावर लेथ खरोखर लेथसारखा चालू लागला. पंधरा दिवसांनी नवा कोड, अंडरव्होल्टेज. बहुधा संध्याकाळी आणि कट जरा जड असतानाच.

संध्याकाळी व्होल्टेज पडते हे सगळ्यांनाच माहीत, म्हणून मी स्टॅबिलायझरच्या किमती विचारून आलो. घेतला नाही हे बरे झाले. घराच्या बोर्डावर मीटर लावला तर २०४ व्होल्ट. २०४ एसीचे डीसी होतात २८८. २३० व्होल्टच्या वर्गातले ड्राइव्ह अंडरव्होल्टेज दाखवतात ते साधारण २०० डीसीच्या आसपास. मग मधले ऐंशी-नव्वद व्होल्ट गेले कुठे?

ड्राइव्हमध्ये डीसी बसचे, म्हणजे आतल्या डीसीचे, व्होल्टेज दाखवायची सोय असते, ती चालू केली. मोकळे २८५. कट लावला की २४०, २१०, आणि ट्रिप. त्याच वेळी बायको घरच्या बोर्डावर मीटर धरून उभी होती, तिथे २०१च्या खाली काही उतरत नव्हते. म्हणजे गळती बोर्ड आणि शेडच्या मध्ये.

वायर १.५ चौरस मिलिमीटरची होती, शेड तीस मीटरवर. जाण्यायेण्याचे साठ मीटर धरले तर तांब्याचा रोध ०.७ ओहमच्या जरा वर. ड्राइव्हचा इनपुट करंट मोटरच्या करंटपेक्षा बराच जास्त असतो, १.५ किलोवॅटला पूर्ण लोडवर १४ ते १६ अँपिअर. कारण तिन्ही फेजचे काम एकाच फेजमधून ओढायचे असते, आणि तेही सलग न येता व्होल्टेजच्या शिखरावर ठोके मारल्यासारखे. म्हणून वायरीत दहा-बारा व्होल्ट पडतात. पण दहा-बारा म्हणजे ऐंशी नव्हेत. उरलेले मिळाले सोळा अँपिअरच्या प्लगमध्ये. प्लग बाहेर ओढला तर न्यूट्रलची पिन काळीनिळी, तिच्याभोवतीचे प्लास्टिक वितळून थेंबासारखे लोंबलेले. सॉकेटमधली पितळी जीभ सैल पडून पिनला जेमतेम टेकत होती.

मशीनला प्लग-सॉकेट ठेवूच नका. बोर्डापासून सरळ ४ चौरस मिलिमीटरची वायर, शेडमध्ये २० अँपिअरचा सी कर्व्हचा डबल पोल एमसीबी, आणि तिथून ड्राइव्हच्या टर्मिनलवर क्रिम्प केलेल्या लगने जोड. त्या दिवसानंतर तो कोड मी पाहिलेला नाही, बोर्डावर १९५ असतानाही.

पावसाळा आणि आरसीसीबी

हा भाग सगळ्यात जास्त छळतो, कारण यात घरातले सगळे भरडले जातात. जुलैत लेथचे बटण दाबले की घरभर अंधार. स्वयंपाकघरातून आवाज यायचा, “अहो, परत गेली!” ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे अर्थमध्ये वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडायचा. कोणी सांगितले की तो बायपास कर, ड्राइव्ह आणि आरसीसीबी एकत्र चालतच नाहीत. कृपा करून हे करू नका. पत्र्याची शेड, ओली जमीन, लोखंडी मशीनला टेकलेला माणूस: आरसीसीबी अगदी अशाच जागेसाठी असतो.

आधी समजून घेऊ की ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ३०ला ‘पडलाच पाहिजे’ आणि १५ला ‘पडता कामा नये’. मधल्या पट्ट्यात तो कुठेही पडू शकतो. ड्राइव्हच्या आत फिल्टरचे कपॅसिटर अर्थला जोडलेले असतात, ते काही मिलिअँपिअर कायम अर्थमध्ये सोडतात. मोटरच्या केबलमधून आणि वाइंडिंगमधूनही ड्राइव्हच्या वेगवान स्विचिंगमुळे थोडे जाते. फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर यांचे थोडे थोडे. सगळ्या घराचा आरसीसीबी एकच असेल तर बेरीज कोरड्या दिवसातही उंबरठ्याजवळ उभी असते, आणि पावसाळा तिला आत ढकलतो.

शोधायचे असे. ड्राइव्हला नुसती वीज द्या, रन करू नका. तेवढ्यानेच पडला तर दोष ड्राइव्हचा फिल्टर किंवा अलीकडची वायरिंग. वायरिंगमध्ये बहुतेक वेळा वर्कशॉपचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडलेला असतो किंवा कुठेतरी अर्थला टेकलेला असतो. नुसत्या विजेवर टिकला आणि रन केल्याबरोबर पडला, तर मोटर किंवा मोटरची केबल. माझे दुसरे होते.

मग मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर. मेगर लावण्याआधी मोटरच्या तिन्ही वायरी ड्राइव्हमधून सोडवा. ५०० व्होल्टचा मेगर ड्राइव्हला जोडलेला असताना फिरवला तर ड्राइव्हचा पॉवर भाग गेला म्हणून समजा. वायरी सोडवून एक टोक वाइंडिंगला, एक मोटरच्या बॉडीला लावले. एक मेगाओहमच्या वर हवे. काटा शून्याला चिकटून होता, ०.०२च्या आसपास.

वाइंडिंग जळले असेच वाटले. पण बॉक्स उघडल्यावर कारण समोर होते. खालची ग्लँड (केबल आत जाते तिथली सील) फुटलेली, तिथून कूलंटचे पांढरट पाणी वर शिंतडत होते, आणि बोल्टांच्या मधल्या काळ्या बेकेलाइट पाटीवर ओल्या लोखंडी बारीक चुऱ्याचा थर साचलेला. बोटाने पुसला तर शाईसारखा काळा लागला. त्या चिखलातून वीज बॉडीला जात होती. ब्रशने आणि काँटॅक्ट क्लीनरने पाटी साफ केली, परत मेगर लावला, ०.४ आले. म्हणजे मोठा दोष गेला, पण वाइंडिंगही ओले होतेच.

ओल्या वाइंडिंगला आपल्याकडचा जुना इलाज अजून सगळ्यात भरवशाचा आहे. रोटर काढायचा, स्टेटरच्या पोकळीत १०० वॅटचा बल्ब सोडायचा, काच वाइंडिंगला टेकू द्यायची नाही, आणि दोन्ही बाजू पत्र्याने अर्धवट झाकायच्या म्हणजे ऊब आत राहते आणि वाफ बाहेर पडते. बल्ब जुना तारेचाच हवा. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. पहिल्या काही तासांत मेगरचे वाचन उलट खाली येते, कारण आतली ओल सुटून वर येते. तिथे घाबरून थांबू नका. माझे ०.४चे ०.२ झाले, दुसऱ्या दिवशी सकाळी ३, संध्याकाळी २० मेगाओहम. नवी ग्लँड बसवली, बॉक्सच्या झाकणाला रबराची गास्केट लावली.

शिवाय वर्कशॉपचा आरसीसीबी घरापासून वेगळा केला: मेन स्विचनंतर दोन फाटे, एक घराला, एक शेडला, प्रत्येकाला आपापला. आता शेडचा पडला तरी स्वयंपाकघराला पत्ता लागत नाही, आणि दोन्हीकडची गळती एकमेकांत मिसळत नाही. शेडचा घेताना ड्राइव्हच्या पुस्तकात कोणता प्रकार सांगितला आहे ते पाहून घ्या. साधा एसी टाइप ड्राइव्हच्या विकृत करंटला नीट ओळखत नाही, त्यामुळे तो उगाच पडतो किंवा त्याहून वाईट म्हणजे पडायचा तेव्हा पडत नाही. काही ड्राइव्हमध्ये फिल्टर अर्थपासून वेगळा करायचा स्क्रू असतो. पुस्तकात परवानगी असेल तर तो काढता येतो. मशीनच्या बॉडीची अर्थिंग मात्र कधीही काढू नका.

बाकीचे क्षण

थांबवताना ओव्हरव्होल्टेज आला तर चकचे वजन कारण आहे. फिरता जड चक थांबताना मोटरला जनरेटर बनवतो आणि ती वीज डीसी बसमध्ये साठते. थांबण्याची वेळ एक सेकंदाची चार-पाच सेकंद करा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. लगेच थांबायलाच हवे असेल तर ब्रेकिंग रेझिस्टर. मात्र तुमच्या लेथचा चक स्पिंडलवर आट्यांनी बसणारा असेल, तर झटक्यात थांबवणे किंवा चालत्यात उलटे फिरवणे टाळाच. चक सुटून बाहेर येतो. वीस किलोचे फिरते लोखंड बेडवर पडलेले मी पाहिले आहे, माणूस बाजूला होता म्हणून वाचला.

दांडा टाकताना ट्रिप होत असेल, तर जुना फॉरवर्ड-रिव्हर्स ड्रम स्विच ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये राहिला आहे. तो तिथे नको. चालत्या ड्राइव्हचे आउटपुट तोडले आणि जोडले की पॉवर ट्रान्झिस्टरवर मार बसतो. दहा वेळा नुसता ट्रिप होईल आणि अकराव्या वेळी ड्राइव्हच जाईल. ड्राइव्हच्या आउटपुटपासून मोटरपर्यंत सरळ केबल, मध्ये काहीही नाही: स्टार्टर नाही, काँटॅक्टर नाही, पॉवर फॅक्टरचा कन्डेन्सर तर नाहीच. जुना दांडा फेकू नका, हाताला त्याची सवय असते. त्याचे संपर्क ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवर, फॉरवर्ड, रिव्हर्स आणि कॉमनवर आणा. त्यात फक्त २४ व्होल्टच्या आसपासचा इशारा जातो. कूलंटचा पंपही त्याच आउटपुटवर टांगू नका. त्याला छोटा सिंगल फेज पंप वेगळा लावा.

बराच वेळ १५-२० हर्ट्झवर काम केल्यावर मोटर हात लावू देत नसेल, तर तिचा पंखा तिच्याच शाफ्टवर आहे हे आठवा. मोटर हळू, पंखा हळू. मंद वेगासाठी लेथला बॅक गिअर दिलेला आहे, तो वापरा आणि मोटर ४० हर्ट्झच्या पुढे ठेवा. टॉर्कही कैकपट मिळतो.

कन्डेन्सरवर चालत नाही का?

गावाकडून हा प्रश्न हमखास येतो, कारण शेतीपंप टू फेजवर कन्डेन्सर टाकून चालवलेले सगळ्यांनी पाहिले आहेत. तिथे दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात, घरी फेज-न्यूट्रलमध्ये २३०, म्हणून तोच बॉक्स उचलून घरी लावला तर चालणार नाही. तत्त्व मात्र लागू पडते. मोटर डेल्टात करून, किलोवॅटला साधारण ७० मायक्रोफॅरड या हिशोबाने ४४० व्होल्टचा रनिंग कन्डेन्सर तिसऱ्या टर्मिनलला जोडला की मोटर फिरते. सुरुवातीचा टॉर्क एक-तृतीयांशाच्या आसपास आणि ताकद दोन-तृतीयांशाच्या आसपास मिळते. बेंच ग्राइंडर किंवा छोटे पिलर ड्रिल, जे मोकळे सुरू होते आणि मग काम करते, त्याला हे स्वस्तात छान आहे. माझे ड्रिल असेच चालते. लेथला मात्र हे नको. कन्डेन्सर एका ठरावीक लोडलाच बरोबर बसतो आणि लेथचा लोड कटागणिक बदलतो. इतर वेळी एका वाइंडिंगमध्ये जास्त करंट जाऊन मोटर तापते.

३ एचपीच्या पुढचे मशीन असेल तर या सगळ्या खटपटीपेक्षा थ्री फेज जोडणीचा अर्ज करा. २२०० वॅटच्या ड्राइव्हलाच सिंगल फेजवर २३-२४ अँपिअर लागतात, त्यापुढे घरची वायरिंग आणि मीटर दोन्ही कमी पडतात. आणि बाहेरचे जॉब पैसे घेऊन करत असाल तर मशीन लहान असले तरी घरगुती मीटर वापरू नका. मंजूर कारणाव्यतिरिक्त वापर म्हणून वीज कायदा २००३च्या कलम १२६ खाली आकारणी होते. छंदाच्या कामाला घरचे मीटर ठीक.

तुमचा ड्राइव्ह अजूनही ट्रिप होत असेल तर पुढची माहिती घेऊन विचारा: मोटरच्या पाटीचा स्वच्छ फोटो, टर्मिनल बॉक्सच्या पट्ट्यांचा फोटो, कट लावलेला असताना डीसी बसचे व्होल्टेज आणि आउटपुट करंट, ड्राइव्हमध्ये भरलेले रेटेड व्होल्टेज, करंट आणि बेस फ्रिक्वेन्सी, आणि वहीत लिहिलेला ट्रिपचा क्षण.